घोटणवाडीचे मुके मणी

घोटणवाडीच्या नदीकाठी काळ्या खडकात ओंजळीएवढा एक उथळ खळगा आहे. मणी घ्यायला येणाऱ्यांना म्हाताऱ्या मालाक्का आधी तिथे नेतात, मगच दुकान उघडतात. इथे गारगोटीचे मणी होतात. झिलई चढलेला तो पाणीदार, आत साय धरल्यासारखा दिसतो तो दुधी, आणि ज्यावर उजेड नुसता टेकतो, उसळत नाही, तो मुका. या मुक्या मण्यांची हकीकत अशी सांगतात.

फार मागे इथे सटवाजी नावाचा मणी घोटणारा होता. त्याचा एकुलता एक मुलगा येसू बापापेक्षाही सरस निघाला. लग्नात त्याने आपल्या नवरीला, भिवराला, स्वतः घोटलेल्या पाणीदार मण्यांची माळ घातली. एकेका मण्यात तोंड दिसायचं म्हणे. पण संसार धड मांडूनही झाला नव्हता, तोच येसू तापाने गेला.

दिवसकार्य उरकल्यावर सटवाजीची बहीण बायजा म्हणाली, "माळ उतरव गं. पांढऱ्या कपाळाच्या बाईचा गळा चमकू नये."

भिवराने माळ काढून सासऱ्यापुढे ठेवली. पण चूल फुंकताना, घागर उचलताना तिचा हात गळ्याशी जाई आणि रिकामाच खाली येई. सटवाजी ते बघे आणि भरलं ताट सारून उठे.

एका सकाळी त्याने बहिणीला विचारलं, "बायजे, तुझी हरकत मण्यांना आहे की चमकेला?"

"चमकेला, दादा. मणी काय, दगडच."

"मग झालं तर."

माळ घेऊन तो नदीवर गेला आणि ओल्या वाळूने एकेक मणी खडकावर घासू लागला. जन्मभर झिलई चढवणारे हात आता ती उतरवत होते, आणि तीही पोराने जीव ओतून चढवलेली. "रागावू नको रे येसू," असं तो प्रत्येक मण्याला म्हणत होता म्हणे. खडकातला खळगा तेव्हाच पडला.

दिवस कलताना त्याने ती खरबरीत माळ सुनेच्या हातात ठेवली. भिवरा हबकली.

"मामंजी, त्यांच्या हातची झिलई घालवलीत?"

"झिलई गेली, पोरी. मणी त्याच्याच हातचे आहेत. घाल."

बायजा उंबऱ्यातच उभी होती. ती काही बोलणार, तेवढ्यात भावाची सोललेली बोटं तिला दिसली. मग पुढे होऊन माळेची गाठ तिनेच बांधली.

ती माळ भिवराच्या अंगावर जन्मभर राहिली. घामाने, उबेने त्या मुक्या मण्यांवर कुणी न घोटताच सौम्य तुकतुकी आली. वाडीतले लोक त्या तुकतुकीला अंगपाणी म्हणतात. ते विकत मिळत नाही.

आजही घोटणवाडीत सून आली की सासरा स्वतः वाळूने घासलेल्या मुक्या मण्यांची एक सर तिच्या हातात ठेवतो. पुढे काहीही घडो, ती सर उतरव असं तिला कुणी म्हणत नाही.