पहिला हात

"म्हणजे तुझ्या वर्गात कुणी चुकतच नाही?"

तांबोळी सरांनी विचारलं आणि क्षिप्राला वाटलं, जिंकलं आपण.

"नाही चुकत, सर. चुकीचं खातं निवडलं की पडदा लाल होतो आणि लगेच बरोबर उत्तर दाखवतो. पोरं तिथल्या तिथं सुधारतात."

"तिथल्या तिथं..." सर पुटपुटले.

अकरावीचा हिशेबाचा वर्ग. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. हे सॉफ्टवेअर क्षिप्रानं स्वतः रचलं होतं, ऐन लग्नाच्या धामधुमीत. हळदीच्या बोटांनी लॅपटॉप धरला म्हणून आईची बोलणी खाल्ली होती. संस्थेचे अध्यक्ष एवढंच म्हणाले होते, "तांबोळी सर हो म्हणाले, तर जूनपासून आपल्या सगळ्या शाळांत. नाही म्हणाले, तर पुन्हा हा विषय नको."

आणि सर म्हणजे... याच शाळेत त्यांनी तिला हिशेब शिकवला होता. पहिला नंबर तिचा, प्रश्न संपायच्या आत पहिला हात वर तिचा, जागा मात्र शेवटच्या बाकावर. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. नुसतं मनात ठेवलं.

"एक प्रश्न घालू का वर्गाला?"

"एक का, शंभर घाला, सर."

सर उठले. प्रोजेक्टरपुढे जाऊन त्यांनी हात वर धरला. भिंतीवरची खाती, बटणं, सगळं झाकलं गेलं. छताला टेकणारा एक काळाकुट्ट हात तेवढा उरला.

"किराणा दुकानदारानं माल ठेवायला कपाट घेतलं. रोखीनं. कुठलं खातं नावे टाकाल?"

वर्ग भिंतीकडे बघत राहिला. भिंत काही बोलेना.

...

क्षिप्रा खुर्चीच्या कडेला सरकली. इतका सोपा प्रश्न! रोज चुटकीसरशी सोडवतात की!

"सर, त्यांना पडद्याची सवय..."

सरांनी नुसती मान हलवली. थांब.

थांबवेना. तिचा हात आपोआप वर गेला आणि हिरवा चुडा किणकिणला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. तिनं हात पदराआड घेतला.

शेवटी मधल्या रांगेतली तेजल उठली. "खरेदी खातं, सर."

चूक. क्षिप्रानं ओठ चावला. संपलं आता. पुन्हा हा विषय नको.

"का गं?" सरांनी विचारलं.

"विकत घेतलं ना त्यानं."

"साखरही विकत घेतो तो."

"ती विकायला घेतो..." तेजल अडखळली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा हात अजून खाली येत नव्हता.

...

"कपाट कुठं विकणारे तो!" तेजल स्वतःवरच चिडली. "ते दुकानातच राहणार. खरेदी नाही, सर. फर्निचर खातं नावे."

"नक्की?"

"नक्की." तिनं भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

सरांनी हात खाली घेतला.

वर्ग सुटला. क्षिप्रा मान खाली घालून वायर गुंडाळत राहिली.

"कळलं, सर. बंद करते हे. अध्यक्षांना तुम्हीच सांगा."

"बंद कशाला? जूनपासून लाव. सगळ्या शाळांत."

तिनं वर पाहिलं. सर लॅपटॉपकडे बघत होते.

"हुशार आहे तुझं हे पोर. उत्तर आलं की त्याला दम निघत नाही, एवढंच..."

सरांनी चष्मा खिशात ठेवला. दारापाशी जाऊन थांबले.

"त्याला शेवटच्या बाकावर बसव. तुला बसवायचो तिथंच."