नवाचा ताळा

एकदा एका वृद्ध पंचांगकर्त्याच्या शिष्याचा संयम संपला. इतकी वर्षे गुणाकार-भागाकार करून त्याची बोटे झिजली होती, आणि गुरुजी मात्र ‘अजून थोडे थांब’ यापलीकडे जात नव्हते. आता तर एक व्यापारी दारात बैलगाडी जुंपून बसला होता. त्याच्या गावाला स्वतःचे पंचांग हवे होते आणि ते करायला हा शिष्य हवा होता. येत्या ग्रहणाचे गणित शिष्याने मांडलेही होते. गुरुजींनी मान डोलावली की निघायचे, एवढेच बाकी होते.

गुरुजींनी धूळपाटीवरचा शेवटचा गुणाकार पाहिला. ३७४८ गुणिले ६२९. उत्तर २३७५४९२.

“ताळा केलास?”

“नवाचा केला. आकड्यांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत केली. गुणाकाराकडून पाच, उत्तराकडूनही पाच. आता तरी बरोबर म्हणा!”

गुरुजींनी उत्तर पुसले आणि तेच आकडे मनाला येतील तसे मांडले : ९७५४३२२.

“आता कर ताळा.”

“हा काय पोरखेळ, गुरुजी? शेटजींचे बैल केव्हाचे ताटकळलेत.”

“ताटकळू देत. त्यांना ग्रहण पाळायचे नाही.”

शिष्याने धुसफुसत आकड्यांची बेरीज केली. बत्तीस. तीन नि दोन पाच.

“जमतो ताळा,” तो म्हणाला, आणि त्या सत्त्याण्णव लाखांकडे पाहतच राहिला.

“जमणारच! आकडे तेच, तर बेरीज तीच. या ताळ्याला आकड्याची जागा दिसतच नाही. आणि तुझी चूक नेमकी जागेची. सत्तावन्न म्हणताना जिभेवर सात आधी येतो, तुझा हात तोच आधी लिहून मोकळा होतो. किती वेळा सांगितले! दर वेळी तू ताळा पुढे करतोस. अकराचाही शिकवला होता ना?”

“तो... बरेचदा जमत नाही.”

“म्हणून सोडलास! जो तुझी चूक पाहूच शकत नाही, तो मात्र हाताशी धरलास. उद्या अख्खे गाव उपाशीपोटी न येणाऱ्या ग्रहणाची वाट पाहील.”

शिष्याने आपले पहिले उत्तर पुन्हा लिहिले. उजवीकडून एक आकडा मिळवत, एक वजा करत, लागेल तिथे अकरा टाकत किंवा मिळवत तो अकराच्या ताळ्याने गेला. गुणाकाराकडून पाच आले, उत्तराकडून नऊ. पंचाहत्तर हजार पुसून त्याने सत्तावन्न हजार केले. दोन्हीकडे पाच आले. मग तो दाराशी गेला.

“शेटजी, बैल सोडा. सगळे गणित पुन्हा तपासायचे आहे.”

“का हो? ताळा जमला होता म्हणता ना?”

“तेच तर दुखणे आहे.”

आपले सगळे काही उत्तमच मानणारा एखादा स्नेही आपल्यालाही असतो. त्याला चहाला जरूर बोलवावे. गणित मात्र दुसऱ्या कोणाला तरी दाखवावे.