मृगांकची दुसरी आत्या

इनामदार भुजंगरावांनी लेकासाठी थेट काशीहून नाव मागवलं होतं: मृगांक. असं नाव पंचक्रोशीत कुणाचं नाही, या तोऱ्यात ते होते. आठच दिवसांत कळलं, की तुका कुंभाराच्या बाळाचंही नाव मृगांकच ठेवलंय. ठेवलं होतं बाळाच्या आत्यानं, सगुणानं.

भुजंगरावांनी तिला भरल्या कचेरीत बोलावलं. "आजपासून तुझ्या भाच्याचं नाव दगडू! मी ठेवतोय. मान्य नसेल तर चाक उचला आणि गाव सोडा!"

सगुणानं पदर सावरला.

"ठेवा की, सरकार. पण बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा. तुम्ही ठेवणार, म्हणजे तुम्हीही आत्याच झालात! उद्या कुंची-झबलं घेऊन या. पाळण्याशी वाका, बाळाच्या कानात कुर्रर्र करा. मग आमच्या आळीतल्या साऱ्या बाया तुमच्या पाठीत धपाटे घालतील. आत्याला ते चुकत नाहीत."

कारकुनांनी दप्तरं तोंडावर धरली. भुजंगरावांचा मिशीवरचा हात नकळत पाठीकडे गेला.

"राहू दे तेच नाव," ते पुटपुटले.

त्या वर्षी गावात अकरा मृगांक पाळण्यात पडले. नाव बदलायला मात्र वाड्यावरून एकही आत्या आली नाही.