डावऱ्याची पात

फार पूर्वी शालिनी नगरीत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भात कापणाऱ्यांच्या टोळीत जन्मला आणि पुढे टोळीचा म्होरक्या झाला. राजाचं नाव सांगून उपयोग नाही. त्याने कधी विळा धरला नव्हता.

टोळी ओळीने कापायची. ज्याची त्याची पात, म्हणजे कापायचा पट्टा, ठरलेली. डाव्या मुठीत धाटं, उजव्या हातात विळा. डावीकडची, बांधालगतची पात म्होरक्याची. ती धरील त्याला शेवटी मानाची पेंढी.

त्या साली पिंगल नावाचा डावरा कामाला आला. आदल्या साली त्याच्या विळ्याने शेजाऱ्याचं बोट कापलं होतं. तेव्हापासून त्याला कुणी शेतात उभं करीना. ही कापणी हुकली की पोरांच्या तोंडात माती.

"म्होरक्या, घालव ही पीडा," गडी म्हणाले. "आम्हाला आमची बोटं लागतात."

"आणि डाव्या हाताने धान्य कापतात होय रे?" शेताचा मालक नंदिय करवादला.

बोधिसत्त्वाने पिंगलाला चार मुठी कापायला लावल्या आणि नुसता बघत राहिला. नंदियाला कोडं पडलं. हा बघतोय तरी काय? हाताला शिंगं फुटलीत?

तेवढ्यात बोधिसत्त्व आपल्या पातीवरून बाजूला झाला.

"पिंगला, ये. इथं लाग."

"अहो, ती तुमची जागा!"

"मानाची पेंढी जाईल, वेड्या!" नंदिय ओरडला.

"जाऊ दे. कापा."

नंदियाला राहवेना. तो बांधावरून उतरला आणि वाकून बघू लागला. पिंगलाच्या उजव्या मुठीत धाटं, शेजारच्या बोधिसत्त्वाच्या डाव्या मुठीत धाटं. दोन मुठी शेजारी. पिंगलाचा विळा फिरत होता बांधाच्या अंगाला, आणि तिकडे माणूसच नव्हतं.

"अरेच्चा! एवढंच?"

"एवढंच."

"मग आजवर कुणाला सुचलं कसं नाही?"

"सुचलं असेल की," बोधिसत्त्व म्हणाला. "पण ती जागा म्होरक्याची ना."

संध्याकाळी मानाची पेंढी पिंगलाच्या डोक्यावर घरी गेली.

कथा संपवून शास्ता बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "जेवताना डावं कोपर लागतं म्हणून ज्याला तुम्ही आज पंगतीतून उठवलंत, तो तेव्हाचा पिंगल. ज्याने मला येऊन कोपर लागण्याचं कारण विचारलं, तो नंदिय. म्होरक्या मी होतो."

हे ऐकून डाव्या टोकाला बसलेला थोरला भिक्षू आपलं पात्र उचलून त्याच्यासाठी टोक मोकळं करून एक जागा उजवीकडे सरकला.

"हीच दानपारमिता," शास्ता म्हणाले.