उलांडीची ओढ

फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एक होडी होती. ती कलंडू नये म्हणून बाजूला, दोन लांब वाशांच्या टोकाला पांगाऱ्याचा ओंडका बांधलेला होता. त्याला म्हणतात उलांडी.

उलांडी रोज विनवायची, “बये, एकदा तरी मला कुशीत घे गं!”

“जवळ आलीस तर मी कलंडेन. तिथंच राहा,” होडी म्हणायची. उलांडी लाटा झेलत झुरायची.

मासेमारीचा हंगाम संपला. तांडेलानं होडी वाळूवर ओढली, दोर सोडून उलांडी होडीतच ठेवली आणि वर नारळीची झापं घातली. उलांडीला आभाळ ठेंगणं झालं.

पण होडी आता डुलेना, बोलेना. समुद्राची गाज ऐकत नुसती पडून राही. एकदा ती पुटपुटली, “तुला पुन्हा लांब कधी बांधतील गं?”

कुशीतून उलांडी म्हणाली, “मीसुद्धा तेच विचारणार होते.”