वत्सलाबाईंचे खडे

नवरा गेल्यावर घर इतकं शांत झालं, की वत्सलाबाई नदीतल्या गारगोट्या आणून घासत बसू लागल्या. निदान घासण्याचा आवाज तरी व्हायचा. खडे चांगले चकाकू लागले, तेव्हा त्यांनी नेवाशाच्या आठवडी बाजारात चादर अंथरली. आता पोट त्यावरच होतं.

समोर उदावंतशेठांची रत्नांची पेढी. गिऱ्हाइकं चादरीकडे वळलेली पाहून शेठ पायरीवर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, खडा माणसाचं नशीब राखतो. जिचा नवरा राहिला नाही, तिच्याकडचा खडा कोण घालणार?"

लोकांनी हातातले खडे खाली ठेवले.

"खरं आहे, शेठ," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण ह्यांच्या बोटात माझा खडा नव्हता. शेवटपर्यंत पुष्कराज होता. आयुष्य वाढेल म्हणून तुम्हीच दिलेला."

शेठ आत गेले. एका मुलीने हिरवट खडा उचलला.

"मावशी, हा घातल्यावर काय होईल?"

"हात छान दिसेल, बाळ. तेवढंच."

संध्याकाळपर्यंत सगळे खडे खपले. वत्सलाबाई घरी निघाल्या. शेठांना कसं गप्प केलं, ते ज्यांना सांगावं ते मात्र घरी नव्हते.