बेडकुलीचं टेंगूळ आणि अर्थिंगचा खड्डा

आटपाट स्वयंपाकघर होतं. त्याच्या मोरीत एक बेडकुली राहायची. एवढीश्शी, चिंचोक्याएवढी.

एकदा ती नळावर चढली. सटकली. टण्ण! कपाळावर टेंगूळ आलं. घरच्या कुसुमकाकूंनी शेजारून सरबताला बर्फ आणला होता. त्यातला एक खडा खाली पडला. बेडकुलीनं तो टेंगळावर धरला. बरं वाटलं. पण बर्फच तो. विरघळला नि गेला.

ओट्यावर बर्फाचं नवंकोरं यंत्र आलं होतं. बेडकुली निघाली. टुणुक टुणुक.

"यंत्रा यंत्रा, बर्फ दे. टेंगूळ माझं जिरेना."

"प्लग बसला तर देईन."

टुणुक टुणुक.

"प्लगा प्लगा, बस ना. यंत्र बर्फ देईना, टेंगूळ माझं जिरेना."

प्लगला तीन पाय. बेडकुली त्याला ढकलायला गेली.

"लांब हो बये," प्लग म्हणाला. "तू ओलीचिंब. ओल्या अंगानं विजेजवळ यायचं नाही. गफूरचाचा लावतील तर बसेन."

गफूरचाचा म्हणजे वायरमन. पायात रबरी चपला, हात कोरडे ठणठणीत. टुणुक टुणुक.

"चाचा चाचा, प्लग लावा. प्लग बसेना, यंत्र बर्फ देईना, टेंगूळ माझं जिरेना."

चाचांनी तपासणीचा दिवा लावून अर्थिंग तपासलं. दिवा मिणमिणला, म्हणजे अर्थिंग कच्चं. काकू म्हणाल्या, दोन पायांचा जोड घाला नि करा चालू. चाचांनी मुळीच ऐकलं नाही.

"घरात लेकरू आहे," ते म्हणाले. "अर्थिंगचा खड्डा भिजला तर लावीन."

हा खड्डा अंगणात. प्लगचा तिसरा पाय तारेनं त्याला जोडलेला. वाट चुकलेली वीज त्यातून जमिनीत जाते, माणसाला धक्का बसत नाही. टुणुक टुणुक.

"खड्ड्या खड्ड्या, भिज ना. चाचा लावेनात, प्लग बसेना, यंत्र बर्फ देईना, टेंगूळ माझं जिरेना."

"मीठ आहे, कोळसा आहे. घशाला मात्र कोरड. काकूंनी पाणी घातलं तर भिजेन."

काकू पाळण्यापाशी. टुणुक टुणुक.

"काकू काकू, पाणी घाला. खड्डा भिजेना, चाचा लावेनात, प्लग बसेना, यंत्र बर्फ देईना, टेंगूळ माझं जिरेना."

"ओवी हसली तर उठेन."

पाळण्यात ओवी. उकाड्यानं रडून लालबुंद. टुणुक टुणुक.

"ओवी ओवी, हस ना. काकू उठेनात, खड्डा भिजेना, चाचा लावेनात, प्लग बसेना, यंत्र बर्फ देईना, टेंगूळ माझं जिरेना."

ओवी काही बोलेना. तिला बोलायला यायचंच नाही. ती आणखी रडली.

आता पुढं जायला कुणी उरलंच नाही. मग बेडकुलीनं गाल फुगवले. डराव! टेंगूळ डुगडुगलं. ओवी थबकली. डराव डराव! ओवी खुदकन हसली.

ओवी हसली, काकू उठल्या. काकूंनी पाणी घातलं, घळघळ घळघळ. खड्डा भिजला. चाचांनी पुन्हा तपासलं, दिवा लख्ख! चाचांनी प्लग लावला, खट्. प्लग बसला, यंत्र घुरघुरलं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. बऱ्याच वेळानं, खळ्ळ! बर्फ पडला.

काकूंच्या कडेवरून ओवीनं बर्फाला हात लावला. तोच ओला हात निघाला प्लगकडे. काकूंनी तो हळूच मागे घेतला.

"अंहं. ओले हात, लांब हात."

पहिला खडा बेडकुलीचा. टेंगूळ जिरलं.

आता उन्हाळाभर काकू खड्ड्यात बादलीभर पाणी घालतात. बेडकुली मोरी सोडून खड्ड्याशेजारच्या जास्वंदीखाली राहायला गेलीय. एखाद्या दिवशी काकू पाणी घालायला विसरतात. मग जास्वंदीखालून आवाज येतो.

डराव!